विहिरीकाठची कानतोंडी

मी कानतोंडी बोलतेय. हे नाव मला शालूनं दिलं. त्याआधी मला नाव नव्हतं आणि त्याची मला काही गरजही पडली नव्हती.

मी एक शंखी आहे. बोराएवढी, भुऱ्या रंगाची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. उजेडात धरलं तर आरपार दिसते. माझ्यात राहणारी गोगलगाय केव्हाच गेली. मी उरले आहे ते तिचं घर. पण घरालाही आठवण असते. माणसांची घरं बोलत नाहीत म्हणून तुम्हाला ते ठाऊक नसेल.

बार्शीटाकळीपासून कोसभरावर एक गाव आहे. त्या गावाच्या वस्तीत एक विहीर आहे. वस्तीनं धम्म घेतला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी स्वतःच्या हातांनी ती खणली. पाणी लागलं त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांनी ओंजळीत गढूळ पाणी घेतलं आणि तसंच पिऊन टाकलं, निवळायची वाट पाहिली नाही, असं मी ऐकलं आहे. माझा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला.

विहिरीच्या ओट्यावर बायका धुणी धुवत. ते पाणी ओट्याच्या मागं उतरून साचत असे. त्याचं बारमाही डबकं झालं होतं आणि डबक्याच्या काठानं गुडघाभर हिरवंगार गवत वाढलं होतं. गावाभोवतीची सगळी जमीन वाळून भेगाळली तरी तेवढा तुकडा हिरवा राही. त्या गवताच्या पात्याखाली, साबुदाण्याच्या पेजेसारख्या एका गिळगिळीत माळेतून मी जन्मले. साल एकसष्ट, महिना श्रावणाचा.

डबक्यात आम्ही एकट्याच नव्हतो. दुसऱ्या जातीच्या गोगलगायीही होत्या. लहानपणी त्या आणि आम्ही इतक्या सारख्या दिसत असू की बदकालाही फरक कळला नसता. पण त्यांच्या दाराला झाकण होतं. जरा धोका वाटला की त्या आत शिरत आणि दार लावून घेत. आमच्या घराला दारच नव्हतं. मोठं, पसरट, कानाच्या पाळीसारखं तोंड, सदा उघडं. कोणीही यावं.

आणि कोणीतरी आलंच.

भादव्यात बाजाराहून परतणारं एक खंगलेलं वासरू डबक्यावर पाणी प्यायला थांबलं. पाणी प्यायलं, तिथंच शेण टाकलं आणि गेलं. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी माझ्यात राहणारीच्या अंगात बारीक काहीतरी शिरलं. दुखलं नाही. नुसतं जड वाटू लागलं. आपलं खाणं आपल्याला लागत नाही, दुसऱ्याच कोणाला लागतं, असं काहीतरी. पुढं त्या परक्या जिवांची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली, आणि शेपट्या हलवत ती आमच्या अंगातून पाण्यात उतरली. गवताच्या देठांवर चढून बसली, शेपट्या टाकल्या आणि पांढरा ठिपका होऊन निजली. मीठ शिंपडावं तसे ते ठिपके दिसत. मी रोज पाहत होते. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

त्याच दिवसांत शालू रोज विळा घेऊन तिथं येऊ लागली.

शालू म्हणजे शेषरावची बायको. सातवी शिकलेली, वस्तीतल्या सुनांमध्ये सगळ्यांत जास्त शिकलेली, आणि सगळ्यांत जास्त घाबरट. शेषराव अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला होता, पंधरा दिवसांतून एकदा घरी येई. भादव्यात शालूला मुलगी झाली, ललिता. कार्तिकात शालूला तापानं धरलं. ताप उतरला, पण अंगावरचं दूध आटलं ते परत आलं नाही.

नशीब, त्याच आठवड्यात घरची बकरी व्याली. तिचं नाव कबरी. पांढऱ्यावर काळे ठिपके, एक कान मुडपलेला. कबरीचं दूध पाणी घालून, उकळून, शिंपीनं ललिताला पाजायचं असं ठरलं. शिंपी म्हणजे नाल्यातला शिंपला, घासून घासून गुळगुळीत केलेला. शेषरावला त्याच शिंपीनं पाजलं होतं. ललिता शिंपीच्या कडेला ओठ लावी आणि चुटचुट आवाज करत दूध ओढून घेई.

तेव्हापासून शालूचा जीव कबरीत अडकला. कबरी खाईल तर दूध देईल, दूध देईल तर ललिता जगेल. ती कबरीला रानात सोडेना. काटा टोचेल, कोल्हं नेईल, कोणाच्या पराटीत, उभ्या कपाशीत, शिरली तर कोणी दगड मारेल. दाराशी बांधून ठेवी आणि सकाळ-संध्याकाळ विहिरीमागचं कोवळं गवत स्वतः कापून आणी. अगदी पाण्याच्या काठचं, सगळ्यांत हिरवं. निवडून निवडून.

शेजारची मैनाबाई ओट्यावर धुणं आपटत हसे.

"काहून व शालू, बकरीले ताट-पाट मांडतं का आता?"

"हिरवा चारा खाल्ला म्हंजे दूध वाढते काकू."

"माई बकरी पाह्य. सकाळी दावं सोडतो, दिवसभर टेकडीवर बोंबलत फिरते, वाळलं-साळलं खाते. मले तं सोताच्या पोराच्या मांगं फिराले वेळ नाही, बकरीले कोन गवत कापून देईन?"

"तुमची गोष्ट येगळी हाय काकू."

"हो ना बाई. मी आळशी."

मी तेव्हा गवताच्या एका काडीला चिकटून होते. शालूच्या विळ्याचा वारा मला लागून गेला. तिच्या हातातल्या पेंढीत ते पांढरे ठिपके गेले. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते असं आता म्हणणं सोपं आहे. तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. तिलाही नाही.

माघात कबरीचं दूध अर्ध्यावर आलं. केस खडबडीत झाले. फाल्गुन लागला तशी तिच्या जबड्याखाली पाण्यानं भरलेली पिशवी लोंबू लागली. संध्याकाळी बोटानं दाबलं की खड्डा पडे आणि तसाच राही. शालूनं काय केलं असेल? आणखी गवत कापलं. सकाळी एक पेंढी आणत होती, ती दोन आणू लागली.

सासूबाईंचं नाव पार्वताबाई. त्यांचं तोंड तिखट होतं आणि माया त्या तिखटाच्या खाली असे. त्या म्हणाल्या, "नुसती रडून काय होते? मंगळवारी बार्शीटाकळीच्या बजारात अकोल्याचा ढोरायचा डाक्टर येते. ने तिले. मी पाहतो पोरीले."

शालू कबरीला घेऊन निघाली. अर्ध्या वाटेत कबरी बसली, तेव्हा तिनं तिला खांद्यावर घेतलं.

डॉक्टरांचं नाव रामराव. बाजाराच्या कडेला लिंबाखाली त्यांचं टेबल. त्यांनी कबरीच्या डोळ्याची पापणी उलटून पाहिली. आत लाल दिसायला हवं, तिथं कागदासारखं पांढरं.

"काळजात किडे झाले हिच्या," ते म्हणाले. "चपटे, पानासारखे. ओलीतल्या चाऱ्यातून येतात. डबक्यावर चारता का हिले?"

"नाही जी," शालू म्हणाली. "दावनीलेच बांधून राह्यते. एक दिवस सोडलं नाही मी."

खरं तेच बोलली ती. खोटं बोलली असती तर उत्तर लवकर सापडलं असतं.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "मंग पानी कुठचं पेते?"

"विहिरीचं. बादलीनं."

"ह्या किड्याले आधी एका गोगलगायीच्या पोटात राहा लागते, तवाच तो जनावरात जाते. सगळ्या गोगलगायीत नाही, एकाच जातीच्या. तिले झाकन नसते. औषध तेज हाय, हे जनावर कमजोर हाय. एक डाव देता येईन. ते देऊन पुन्हा तेच खाल्लं तं मरन. म्हनून आधी कुठून येऊन राह्यलं ते कळू दे. विहिरीजवळच्या शंख्या जमा करून पुढच्या मंगळवारी आन."

"साहेब, दुधातून माया लेकराले लागन का?"

"नाही बाई. दुधातून नाही लागत."

एवढं स्पष्ट सांगूनही शालू घरी आली ती मनात शंका घेऊनच. गोगलगाय, शंखी, शिंपला, सगळं पाण्यातलंच की. तिनं चुलीपाशी ठेवलेली शिंपी उचलली आणि उकिरड्याच्या पलीकडं भिरकावून दिली.

ललितानं चमचा तोंडात घेतला नाही. वाटी ओठाला लावली तर मान फिरवली. कापसाचा बोळा चोखला आणि ओकून टाकला. दुसऱ्या दिवशी तिचं रडणंसुद्धा बारीक झालं.

"शिंपी कुठी हाय?" पार्वताबाईंनी विचारलं.

शालूनं सांगितलं.

"सातवी शिकली म्हने माई सून. त्या शिंपीनं तुया नवऱ्याले वाढवलं मी, साडेपाच फूट. तो का किड्यायनं भरला?" असं म्हणून म्हातारी उकिरड्याच्या पलीकडं गेली, काट्यात हात घालून शिंपी शोधून आणली, राखेनं घासली, आधणात टाकली. "आता उकळलेल्या पान्यातून कोनता किडा वाचते ते सांग मले."

ललिता चुटचुट करत दूध ओढू लागली तेव्हा दोघी एकमेकींकडं न पाहता तिच्याकडं पाहत बसल्या.

एव्हाना मी एकटी झाले होते. फाल्गुनात विहिरीचं पाणी खोल गेलं, धुणी कमी झाली, डबकं आटलं. झाकणवाल्यांनी चिखलात शिरून दारं लावली आणि झोपी गेल्या. आम्हाला दार नव्हतं. माझ्यातली गोगलगाय एका गवताच्या काडीला धरून वाळली. मुंग्यांनी तिला नेलं. त्या काडीचा एक तुकडा माझ्या ओठाला चिकटून राहिला.

शालू शंख्या वेचायला आली ती अशा वेळी. तिनं एक उचलली, उलटी केली, झाकण नाही. दुसरी उचलली, झाकण नाही. वीस, पंचवीस, तीस, एकीलाही झाकण नाही. वाळून पडलेल्या शंख्या होत्या त्या. जीव गेला की झाकणवालीचंही झाकण गळून पडतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सगळं गावच या वाईट जातीनं भरलं आहे असं तिला वाटलं असणार. मग तिनं मला उचललं. तिनं मला अलगद धरलं, दाबलं नाही. मी फुटले असते. काडेपेटीत घालताना तिनं पदराचा धागा माझ्याखाली अंथरला.

मंगळवारी लिंबाखाली रामरावांनी आम्हा सगळ्यांना जुन्या वर्तमानपत्रावर ओतलं.

"यायले कोनालेच झाकन नाही जी," शालू रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मेल्यावर कोनाचं दार लागलेलं राह्यते?" डॉक्टर म्हणाले. "रडू नको. इकडं पाह्य. झाकन नसलं तरी घरावरून घरवाली ओळखता येते."

त्यांनी एक झाकणवालीची शंखी आणि मी, अशा दोघींना शेजारी ठेवलं. टोक वर, तोंड तिच्याकडं.

"ही भवऱ्यासारखी. पायरी पायरीनं चढत गेली, हरेक वेढा आधीच्याहून जरासा मोठा. अंगावर काळसर पट्टे. जाड हाय, नखानं वाजवली तं टक वाजते. ही झाकनवाली, हिचं भेव नाही. आन ही पाह्य. वरचं टोक सुईएवढं, आन शेवटचा वेढा एवढा फुगला का सगळं घर त्याच्यातच आलं. तोंड कानाच्या पाळीवानी पसरलं. पातळ. हीच ती. आता तू कर."

शालूनं एकेक शंखी बोटावर घेतली. पहिल्या चार चुकल्या. झाकणवालीची पिल्लं तिला सारखी फसवत होती. मग तिनं डोळे मिटले आणि बोटाच्या पेरानं तोंडाची कड चाचपली. ललिताच्या कानाची पाळी तिनं जशी हजार वेळा चाचपली असेल, तशी. त्यानंतर तिची एकही चुकली नाही. सत्तावीस भवऱ्या निघाल्या आणि सहा कानतोंड्या. हे नाव तिनं तिथंच ठेवलं. तीसपैकी सहाच, हे पाहून तिच्या जिवात जीव आला.

"तीसात सहाच हायत जी," ती म्हणाली.

"तीस नाही, तेहतीस होत्या," डॉक्टर हसून म्हणाले. "आन एक बी पुरते." मग त्यांनी मला उचलून डोळ्यांजवळ नेलं. माझ्या ओठाला चिकटलेली काडी त्यांनी चिमट्यानं ओढली. "हे गवत कुठचं?"

"विहिरीमांगचं. डबक्याच्या काठचं."

"तिथं तं बकरी जात नाही म्हनली तू."

"बकरी नाही जात. मी आनून देतो ना तिले. रोज."

बोलून झालं आणि शालूला ऐकू आलं की आपण काय बोललो. कबरीनं मान शालूच्या मांडीवर टाकली होती. शालू तिच्या मुडपलेल्या कानावरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "मीच चारलं तिले. निवडून निवडून."

"हातानं चारनारी बाई मी आज पयल्यांदा पाह्यली," रामराव म्हणाले. "म्हनून तं मले बी कळलं नाही. तू खोटं बोलली नाही, आन मी बरोबर इचारलं नाही. आता औषध देतो. आठ दिवस हिचं दूध लेकराले पाजू नको. वाळला चारा घाल. आठ दिवस काढले तं वाचली समज."

आठ दिवस. ललिताला काय पाजायचं?

शालू मैनाबाईच्या दारात उभी राहिली. मी तिच्या पदराच्या गाठीत होते, काडेपेटीत. तिनं सगळं सांगितलं, गवताचं, शंख्यांचं, स्वतःचं. मैनाबाईनं कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

"म्हंजे माई बकरी चांगली राह्यली ते मी आळशी म्हनून."

"हो काकू."

"हे एकदा माया सासूसमोर सांगजो. जल्मभर बोलली ते मले." असं म्हणून तिनं आपल्या पोराला हाक मारली आणि त्याच्या वाट्याचा दुधाचा गडवा शालूच्या हातात दिला. "संध्याकाळी पुन्हा ये. आन व, लाजू नको. पोट्टं माहं आठ दिवस च्या पेईन कोरा."

पहिले चार दिवस कबरी उठली नाही. पार्वताबाई तिला तुरीचं भुसकट मुठीनं भरवत आणि शिव्या देत. पाचव्या दिवशी तिनं लेंड्या टाकल्या, चांगल्या, गोल, वाळक्या. पार्वताबाईंनी त्या तळहातावर घेऊन शालूला दाखवल्या. सोनाराच्या दुकानातून आणल्यासारख्या. सातव्या दिवशी कबरीनं दावं तोडलं आणि मैनाबाईच्या बकरीमागं टेकडीवर निघून गेली. शालू धावली, अर्ध्या वाटेत थांबली आणि परत फिरली. तिला जाऊ दिलं.

त्या उन्हाळ्यात वस्तीच्या बायकांनी ओट्यामागं चर खोदला. धुण्याचं पाणी वांग्याच्या वाफ्यात वळवलं. डबकं बुजवलं. शालू ते गवत उपटून जाळत होती तेव्हा आमच्या कुळातल्या कितीतरी त्यात होत्या. मला राग आला का? खरं सांगते, आला नाही. एक आई आपलं लेकरू वाचवत होती. मी फक्त पाहिलं की ती जाळाकडं पाहत नव्हती, मान दुसरीकडं होती.

आता सात वर्षं झाली. मी चुलीवरच्या फळीवर राहते, त्याच काडेपेटीत, एका भवरीशेजारी. माझ्या तोंडाची कड एका जागी तुटली आहे, पण ओळखू येते. माहेरी आलेल्या लेकी, परगावच्या सुना, ज्यांच्या बकऱ्यांचे जबडे सुजतात त्या शालूकडं येतात. ती आम्हा दोघींना तळहातावर घेते. टोक वर, तोंड तिच्याकडं. "डोये मीट आन कड चाचप," म्हणते. तिचा आवाज अजूनही थोडा कापतो. घाबरटपणा गेला नाही, कामाला लागला.

परवा ललितानं मला शाळेत न्यायला मागितलं. ती दुसरीत आहे. मला बोटावर घेऊन तिनं विचारलं, "आई, हे वाईट हाय का?"

शालूच्या मांडीवर धाकटा होता. त्याच शिंपीनं त्याला दूध पाजत होती.

"वाईट नाही व," ती म्हणाली. "तिच्या पोटात दुसऱ्याचं वाढून राह्यलं होतं. तिले बापडीले काय माहीत. ओळखून राहाचं, बस."

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. मला शिव्या देऊ नका, आणि माझ्यासारख्या दिसणाऱ्या गरीब भवरीलाही माझ्या पापासाठी मारू नका. दोघींना शेजारी ठेवा, निवांत पाहा. घाईनं पाहिलं की सगळ्याच सारख्या दिसतात.

आणि माझी काळजी करू नका. घर रिकामं आहे, पण फळीवरून सगळं ऐकू येतं. आत्ताही येतंय. खाली शिंपीच्या कडेला ओठ लागले आहेत. चुटचुट. चुटचुट.